विम्यात न बसणारी झोप

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे कडकबाई म्हणत. एक तर तिच्या रोलरखालून निघालेली चादर पुठ्ठ्यासारखी कडक असायची, आणि दुसरं म्हणजे रात्रपाळीत कुणी मोबाइलवर गाणी लावली की ती नुसती बघायची आणि गाणी आपोआप बंद व्हायची. बाहेरच्या जगात तिची एवढीच कीर्ती. घरात ती टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतलं काढणारी बाई होती. साबणाचे तुकडे उरले की ते दाबून त्यांची नवी वडी करायची. अशी ही बाई एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "मशीन रोखीनं घेऊन टाकू या. विमाबिमा काही नको." नवऱ्याच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

मशीन म्हणजे झोपेचं मशीन. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि त्याला झोपेत श्वास अडकायचा आजार होता. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणत, घरात त्याला नुसतं 'श्वासाचं' म्हणत. रात्री तोंडानाकावर मास्क चढवायचा, मास्कला नळी, नळीचं दुसरं टोक उशाशी ठेवलेल्या डब्याएवढ्या मशीनमध्ये, आणि ते मशीन रात्रभर हवा आत ढकलत राहणार. मशीन आलं आणि नवऱ्याचं घोरणं थांबलं, सकाळची डोकेदुखी गेली, कामावर स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घेणं बंद झालं. सगळ्यांत जास्त आनंद मात्र भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना झाला.

डॉक्टरांनी तेव्हा सासूबाईंना नीट बजावलं होतं की मास्क लावलेला असताना याला उगाच उठवू नका, नळी ओढू नका. सासूबाईंनी ते असं काही मनावर घेतलं, की मास्क मध्येच निघाला तर माणूस जागच्या जागी जाईल अशी त्यांची खात्रीच झाली. मास्क दिसला की त्या पाय न वाजवता चालायच्या.

आता तिचं ऐका. तिची कायमची रात्रपाळी. सकाळी ती घरी यायची तेव्हा नवरा आणि लेक बाहेर पडायच्या गडबडीत असायचे. ते गेले की आवराआवर करून ती आडवी व्हायची. पण दिवसा झोपलेल्या माणसाला कुणी झोपलेलं मानतच नाही. "झोपलीस का गं?" असं सासूबाई दारातून विचारायच्या. झोपलेल्या माणसानं यावर काय उत्तर द्यावं? "नाही," असं ती म्हणायची. मग चष्मा कुठे ठेवला ते सांग, मग मोबाइलवर कसला मेसेज आलाय तो वाचून दाखव, मग नळाचं पाणी असं बारीक का येतंय ते बघ. "जरा झोपू द्या ना," असं ती म्हणून बघायची, पण तोवर पुढचं काम निघालेलं असायचं. सासूबाई दुष्ट होत्या असं मुळीच नाही. गुडघे धरलेले, दिवसभर तोंडातून शब्द काढायला कुणी नाही, आणि पलीकडच्या खोलीत एक चालतंबोलतं माणूस पडून आहे, तर त्यांनी तरी काय करावं? नवराही दुपारी फोन करायचा, "घरीच आहेस ना?" म्हणून. घरी असणं म्हणजे रिकामं असणं, हे जगात सगळ्यांनी मिळून कधी ठरवलं कोण जाणे.

अशीच एक दिवस ती तिसऱ्यांदा उठून परत पलंगावर येऊन बसली. उशाशी नवऱ्याचं मशीन होतं. तिनं मास्क उचलला, तोंडावर बसवला आणि बटण दाबलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. गार हवा तोंडावर आली, मशीनचा बारीक आवाज सुरू झाला आणि घर जरा लांब गेलं. तेवढ्यात दार उघडलं.

"अगं बाई! तुलाही?" सासूबाई म्हणाल्या.

मास्क लावून बोलता येत नाही. तिनं मान हलवली, आणि ती होकाराची हलली. सासूबाईंनी कधी नव्हे इतक्या हळू दार ओढून घेतलं. त्या दिवशी ती दुपार उलटून जाईपर्यंत झोपली. उठली तेव्हा आपण कुठे आहोत, सकाळ आहे की संध्याकाळ, हे तिला कळेना, आणि ते न कळणं इतकं सुखाचं होतं की ती तशीच थोडा वेळ छताकडे बघत पडून राहिली.

संध्याकाळी गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली. त्याला वाईट वाटलं, आणि आजारात सोबत मिळाली म्हणून थोडं बरंही वाटलं असावं. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या मापाचा मास्क घेऊन आला. पाळ्या वेगळ्या, तेव्हा मशीन एकच पुरलं. रात्री त्याचं, दिवसा तिचं. डॉक्टरकडे जाऊन खात्री करून घ्यावी असं कुणाच्या मनात आलं नाही. ती घोरायची, तिचं डोकं दुखायचं, बसल्या जागी ती पेंगायची. आणखी पुरावा तो काय हवा? तिलाही कधीकधी वाटायचं की असेलही आपल्याला. आणि नसेल असं वाटायचं तेव्हा ती तो विचार पुढे जाऊ द्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिनं मूठ मिटून ठेवली. वर्षं गेली.

मग मशीन म्हातारं झालं. आधी ते घरघरायला लागलं, आणि एके दिवशी त्याच्या पडद्यावर अक्षरं आली की मोटरचं आयुष्य संपलं आहे. चालत होतं अजून, पण आज बसेल की उद्या याचा नेम नव्हता. "माझ्याही कपाळावर अशी अक्षरं यायला हवी होती," ती म्हणाली, आणि लेकीला हसू आवरेना.

नवऱ्याच्या कंपनीचा विमा होता. त्यात नवरा, बायको, लेक, सगळे बसत होते. त्यानं अर्ज केला, जुन्या मशीनमधली वापराची नोंद पाठवली आणि निर्धास्त झाला. आठवड्याभरानं विम्याच्या बाईंचा फोन आला. नवऱ्याचे हात वंगणानं भरलेले, म्हणून त्यानं लेकीला स्पीकर लावायला सांगितलं, त्यामुळे पुढचं सगळं घरानं ऐकलं.

"साहेब, तुम्ही नोकरी करता ना?"

"करतो की. लिफ्टच्या कंपनीत."

"मग तुम्ही झोपता कधी आणि कामाला जाता कधी? मशीन रात्रभर चालू आहे, आणि परत सकाळपासून दुपारपर्यंतही चालू आहे. एवढं तर तान्हं मूलही झोपत नाही हो."

"अहो, दिवसाची माझी मिसेस," नवरा भाबडेपणानं म्हणाला. "तिलाही तोच आजार. तिची रात्रपाळी असते, म्हणून एकातच भागवतो."

मग बाईंनी समजावून सांगितलं, चिडून नव्हे, पण लहान मुलाला सांगतात तसं. एका माणसाला एक मशीन. नवीन मशीन वापराची नोंद स्वतःच विमा कंपनीकडे पाठवतं, दोघांनी वापरलं तर लगेच कळेल आणि मशीन परत जाईल. "पण मिसेसही पॉलिसीत आहेतच ना," बाई म्हणाल्या. "त्यांची झोपेची तपासणी करून घ्या. आजार निघाला की त्यांनाही त्यांचं वेगळं मशीन मिळेल."

"हे तर सोन्याहून पिवळं झालं!" नवरा म्हणाला.

आणि तेव्हाच, त्याला चहा देता देता, ती ते रोखीचं बोलली.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" त्यानं विचारलं. "महिन्याच्या महिन्याला पगारातून हप्ता कापून घेतात, तो काय हवा खायला?"

"हवा खायलाच," लेक म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

"फेऱ्या मारायच्या, रांगा लावायच्या, मग ते कागदात चुका काढणार," ती म्हणाली. "त्यापेक्षा दुकानातून एक उचलू. इतकी वर्षं दोघांना एक पुरलंच ना?"

"नको गं," सासूबाई मध्ये पडल्या. "तुझं तुला हवंच. किती दिवस नवऱ्याचं उरलेलं वारं खाणार?"

ती काय बोलणार? घरात तिच्याइतकं चिकट कुणी नव्हतं, आणि तीच फुकटाची वस्तू नको म्हणत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला वाटत होतं की सगळ्यांना कळलंय. कळलं कुणालाच नव्हतं. त्यांना वाटत होतं ती तपासणीला घाबरते, म्हणून ते आणखी प्रेमानं आग्रह करत होते, आणि ते प्रेम तिला जड होत होतं. तपासणीत काही निघालं नाही तर? मास्क जाणार. मास्क गेला की दार उघडणार. "झोपलीस का गं?" पुन्हा सुरू होणार. याशिवाय तिला दुसरी कसलीच भीती नव्हती.

धुलाईघरात चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिची एक जोडीदारीण असायची. चादर मोठी, दोघींनी दोन टोकं धरल्याशिवाय घडी पडत नाही, आणि इतकी वर्षं टोकं धरल्यावर माणूस न सांगताही बरंच ओळखतं. सकाळी पाळी सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत जोडीदारीण म्हणाली, "तपासणी म्हणजे काय, परीक्षाच. कॉपी करायची. पाठीवर झोप, उशी काढून टाक आणि मधूनमधून श्वास धरून ठेव. पास होशील."

"नापास व्हायचंय मला."

"तेच ते."

ठरलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात, आणि इथे पैसे तर विमाच देणार होता. ती मनाशी तयारी करून झोपेच्या केंद्रात गेली. रात्रपाळीवाल्यांची तपासणी तिथे दिवसा करत. खोली लहान होती, पडदे जाड होते, पलंगावर इस्पितळाचीच चादर होती. चादरीच्या कडा सरळ नव्हत्या हे तिच्या लगेच लक्षात आलं. तपासणीवाल्या बाईनं तिच्या कपाळाला, हनुवटीला, छातीला वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला आणि दिवा मंद केला.

"मी पलीकडच्या खोलीत आहे," ती बाई म्हणाली. "काही लागलं तर हाक मारा. तुम्ही हाक मारल्याशिवाय मी येणार नाही. दुसरंही कुणी येणार नाही."

दुसरंही कुणी येणार नाही. हे कडकबाईनं मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. अंगभर वायरी, परकी खोली, काचेपलीकडे कुणीतरी बसून आपल्याला बघतंय, आणि तरी इतकं निवांत तिला तिच्या स्वतःच्या पलंगावर कधी वाटलं नव्हतं. ती ठरल्याप्रमाणे पाठीवर झोपली. उशी काढली. पहिला श्वास आत घेतला, आता तो धरून ठेवायचा, असं तिनं ठरवलं, आणि त्यापुढचं तिला काहीच आठवत नाही. फसवायला गेलेली बाई पहिल्याच श्वासाला झोपून गेली.

"तुम्हाला उठवायचं जिवावर आलं होतं माझ्या," तपासणीवाली वायरी काढताना म्हणाली. "इतकं गाढ झोपलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं."

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं, तेव्हा ती रात्रपाळीवरून थेट गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी पडद्यावरच्या रेघा तिच्याकडे वळवून दाखवल्या. "एकदम छान आहे. श्वास कुठेही अडकत नाही. थोडं घोरता, पण तेवढं मीही घोरते. तुम्हाला मशीनची गरज नाही."

"मग मला सारखी एवढी झोप का येते?"

"रात्रभर काम करता. दिवसा नीट झोप मिळते का?"

"मशीन लावलं की मिळते."

डॉक्टरीणबाईंना ते पुरतं कळलं नाही. मग तिनं सांगितलं. मास्कचं, सासूबाईंचं, त्या हललेल्या मानेचं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते एका परक्या मुलीला सांगून टाकलं, कारण ती इतकी थकली होती की लपवायचा कंटाळा आला होता.

"काहीतरी लिहून द्या ना," ती शेवटी म्हणाली.

"काय लिहू?"

"हेच. की हिला झोपू द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि मग तिच्याकडे बघून थांबल्या. "मी लिहीन हो," त्या म्हणाल्या. "पण विमेवाले विचारतील, आजार कोणता. थकवा हा आजार नाही त्यांच्या यादीत. त्यापेक्षा घरी सांगून बघा."

घरी सांगून बघा! ती रस्त्यानं चालताना ते शब्द घोळवत होती. कोपऱ्यावर औषधी उपकरणांचं दुकान होतं, व्हीलचेअर, कुबड्या, रक्तदाब मोजायची यंत्रं असं सगळं काचेत मांडलेलं. ती आत गेली. नव्या मशीनला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, दुकानदार म्हणाला, पण एक वापरलेलं आहे, कुणीतरी परत आणून दिलंय, त्याला काही लागत नाही. रोख द्या आणि घेऊन जा. त्यानं ते काउंटरवर ठेवून चालू केलं. तो ओळखीचा बारीक आवाज कानावर पडताच तिच्या पापण्या उभ्या उभ्या मिटायला लागल्या.

पर्समध्ये पैसे होते. घरी नेलं असतं तर कुणी एक शब्द विचारला नसता. पण हे घ्यायचं म्हणजे पुन्हा ते सगळं करायचं, नळी धुवायची, मास्क उन्हात न ठेवता वाळवायचा, टाकीत शुद्ध पाणी भरायचं, फिल्टर बदलायचे. आतापर्यंत निदान म्हणायला आजार होता. आता नाही हे ठाऊक असून त्याची चाकरी करायची? खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिच्यात ते उरलं नव्हतं. "नको," ती म्हणाली. दुकानदारानं खांदे उडवले आणि मशीन बंद केलं.

शाळेला आणि नवऱ्याच्या कंपनीला सुट्टी होती, घरी सगळे होते. दार उघडताच तिघांनी एकदम विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. मला आजार नाही."

घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "केवढा घोर होता माझ्या जिवाला, तुला कधी दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. नवऱ्यानं टेबलावर थाप मारली. "बघ! विमा नको, विमा नको करत होतीस. तपासणी झाली म्हणून कळलं ना? आता माझं एक येईल विम्यातून, भागलं." आणि मग, कुणाच्याही मनात काही वाईट नसताना, ते सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, चला, म्हणजे आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुपारी तूच ने मला, याला रजा काढायला नको. नवऱ्याला बँकेतलं काम आठवलं, तेही कुणीतरी सकाळीच जाऊन करायचं होतं. लेक म्हणाली, "आई, मग आता तू शाळेत मीटिंगला येशील? सगळ्यांच्या आया येतात." ती अजून दारातच उभी होती, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरली नव्हती, आणि तिचे पुढचे सगळे दिवस वाटून झाले होते.

"मला आजार कधीच नव्हता," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मास्क लावला की तुम्ही मला झोपू देता. म्हणून लावत होते."

"म्हणजे?" नवरा म्हणाला. "म्हणजे तू इतकी वर्षं खोटं..."

"हो. खोटं."

"अगं, पण सांगायचं ना सरळ! आम्ही काय राक्षस आहोत?"

"सांगितलं होतं." तिचा आवाज चढला नाही. चढवायला जोर लागतो. "झोपू द्या, असं किती वेळा म्हणाले मी. ते कुणाला ऐकू आलं नाही. मशीनचं ऐकू आलं."

नवरा खाली वंगणाचे डाग असलेल्या आपल्या नखांकडे बघत राहिला. सासूबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "आणि मी वेड्यासारखी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करत होते," त्या म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीशी भांडले मी, ती मोठ्यानं बोलते म्हणून. दोन वर्षं आली नाही ती घरी."

"ठाऊक आहे मला, आई. आतून ऐकलं होतं." आता मात्र तिला रडू आलं, आणि तिनं ते पुसलं नाही. "माझ्या झोपेसाठी जन्मात कुणी भांडलं नव्हतं. तुम्हीच भांडलात. पण ते त्या आजारासाठी होतं. मी नुसती दमलेय, आई. नुसतं दमलेलं माणूस चालत नाही का या घरात?"

लेकीनं येऊन तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ती आतल्या खोलीकडे वळली. पलंगाशी पोचली तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि गुडघे सावरत सासूबाई दारापर्यंत आल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग कितीला उठवू?"

"उठवू नका," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.